एकोणतीस तारीख

नियम वॉशिंग्टनचा. माझा नवरा, राष्ट्राध्यक्ष नव्हे;
आमच्या साल्तोत अशी नावं ठेवतात, कुणी हसत नाही.
नियम असा: उरुग्वेचा ज्याच्याशी सामना, त्याचंच जेवण,
शिट्टी वाजायच्या आत, ताटात काही न टाकता.
समोरच्याला आधी पोटात घालायचं.

नियम त्याचा, हात माझे.
दिवसभर शेडमध्ये संत्री निवडायची, मोठी इकडे, बारीक तिकडे,
आणि रात्री परक्या देशांची भांडी घासायची.

कोरियासाठी कोबी चार दिवस आधी बरणीत मुरवला.
तिसऱ्या दिवशी शेजारचा अदेमार नाक धरून आला,
गॅस तर गळत नाही ना?
जिंकलो. बरणीचा वास मात्र अजून गेला नाही.

पोर्तुगालचा खारवलेला मासा दोन रात्री पाण्यात.
दर सहा तासांनी पाणी बदल,
तान्ह्या पोरासाठी उठावं तसं उठून.
त्याची किंमत मी घरात सांगितली नाही.
बरोबरी झाली.
वॉशिंग्टन म्हणाला, मीठ राहिलं असेल.

स्वित्झर्लंडचं चीज वितळवलं, एका भांड्यात सगळ्यांचे काटे.
पंच्याऐंशीव्या मिनिटाला आपला गोल होईपर्यंत
कुणी ढवळलंच नाही.
दुसऱ्या दिवशी ते भांडं मी उलथन्यानं खरवडलं, गुणगुणत.

मोरोक्कोचा रवा वाफेवर फुलवताना
पहिल्यांदाच वाटलं, हे हरू नयेत.
सात भाज्या, दालचिनीचा एक तुकडा;
तिकडेही कुणीतरी कुणासाठी तरी इतकं निगुतीनं चिरत असेल.
बोलले नाही. नियमात बसत नव्हतं.

आणि मग उपांत्य फेरीत अर्जेंटिना.

वॉशिंग्टन टेबलाशी बसून राहिला.
यांचं काय करायचं?
निखाऱ्यावरचं मांस? ते आपलं. माते? तोही आपलाच.
आटवलेल्या दुधाचा तो गोड लगदा,
ज्याच्या मालकीवरून दोन्ही काठ पिढ्यान्पिढ्या भांडतायत?
मधे नदी एवढीच. लाँच सुटली की पंधरा मिनिटांत कोंकोर्दिया.
तिथे माझी बहीण एल्विरा,
एकवीस वर्षं शत्रूची प्रजा.

फोन लावला. काय शिजवतेस?
ती म्हणाली, हेच विचारायला मी फोन हातात घेतला होता.
दोघी गप्प.
मग दोघींनी एकदमच भिंतीकडे पाहिलं असणार.
एकोणतीस तारीख.
महिनाअखेर, खिसे रिकामे, बटाटे स्वस्त.
दोन्ही काठांवर आज बटाट्याच्या न्योकी, ताटाखाली एक नाणं,
पुढचा महिना बरा जावा म्हणून.

बटाटे उकडले, कुस्करले, मैदा हाताला कळेल तेवढाच,
काट्याच्या पाठीवरून एकेक गोळी लोळवली.
आईनं आम्हा दोघींना एकाच काट्यावर शिकवलं.
तो काटा कुणाकडे राहिला, याचं भांडण अजून मिटलेलं नाही.
नियम मोडू नये म्हणून ताटांखाली
मी त्यांचे पेसो ठेवले, मागच्या ईस्टरला उरलेले.
वॉशिंग्टननं ताट उचलून पाहिलं.
पुन्हा खाली ठेवलं.

पंचाहत्तरावं मिनिट. आमच्या पडद्यावर
चेंडू अजून मध्यरेषेपाशी घुटमळत होता,
आणि नदीवरून आरोळी आली.
त्यांचा टीव्ही आमच्यापेक्षा सात-आठ सेकंद पुढे.
तेवढा वेळ आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं
आणि आमच्या गोलरक्षकाला नव्हतं,
हातमोजे सारखे करत उभा होता बिचारा.

सामना संपला. फोन वाजला. वाजू दिला.
पुन्हा वाजला.
टोमॅटोच्या रश्श्यात उरलेल्या न्योकी
एकमेकींना चिकटत चालल्या होत्या.
उचलला.
जिंकल्याचं ती बोललीच नाही.
म्हणाली, माझ्या पाण्यातच फुटल्या गं नेली,
तू मैदा किती घातलास?

सांगितला.
एक मूठ कमी सांगितला.
बाकी सगळं पोटात घातलं.