गजकचा डबा

दंड पन्नास रुपये, हे ठरवलं ऋग्वेदनं.
बँकेत लागायच्या आधीपासूनच तो बँक होता.
रात्री दहाला बाड्यावर, दुकानांची शटरं पडताना
मी म्हणायचे, "ऐका ना, एक सांगायचंय,"
की तो मुरैन्याच्या गजकचा रिकामा डबा पुढे करायचा.
आधी पैसे. मग नाव.

नाव असायचंच असं नाही.
मेळ्यातल्या आकाशपाळण्याचा दांडा लावताना
"घट्ट धरा" म्हणालेला एक जण.
लायब्ररीतलं पुस्तक माझ्या आधी नेलेला कुणी,
ज्यानं पान सत्तेचाळीसवर पेन्सिलीनं
नुसतं "हो" लिहिलं होतं.
एक दातांचा डॉक्टर. तेव्हा तर तोंड उघडं होतं माझं,
बोलताही येत नव्हतं.

कुशवाह हसता हसता स्कूटीवरून घसरायचा.
त्याला प्रेम होत नाही, भूक लागते फक्त.
पण माझा प्रत्येक जण त्यानं लांबून पाहून घेतलाय.
"नाही यार, हा चपला ओढत चालतो."
मामला निकाली.
शर्वाणी एका दमात तीन सल्ले द्यायची,
तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध, आणि मग स्वतःच रडायची.

आई म्हणते, तुझं मन म्हणजे धर्मशाळा.
ऋग्वेद म्हणतो, काकू, तिथेसुद्धा वहीत सही घेतात.

इला काहीच म्हणायची नाही.
आपला मफलर सोडून माझ्या गळ्याला गुंडाळायची,
जसा काही मला ताप आलाय,
आणि घरी निघताना आठवणीनं परत घ्यायची.

इलाला पुण्यात नोकरी लागली, त्या जानेवारीत
डबा उघडला. ऋग्वेदनं दोनदा मोजलं.
एकवीस प्रेमं. एक हजार पन्नास.
नोटांना तीळ चिकटलेले.
स्लीपरचं तिकीट निघालं, वर वाटेतल्या जेवणाचे उरले.
"बघ," कुशवाह म्हणाला, "एकही वाया नाही गेलं."

धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा.
फलाटावर शर्वाणी रडत होती, कुशवाह समोसे खात होता,
दोघंही एकाच कारणानं.
इलानं मफलर सोडला, माझ्या गळ्यात घातला
आणि चढली.
खिडकीत थोडा वेळ तिचा हात होता.
मग नुसतं धुकं, गाडीच्या आवाजाचं.

बाड्यापर्यंत कुणी बोललं नाही.
तिथे आल्यावर मी पन्नासची नोट काढली.
ऋग्वेदनं डबा पुढे केला.
नाव विचारलं नाही.