तेरावा स्क्रू

चियातुरात लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
जुंबेरकडे नाणं नव्हतं.
सहा मजले चढून आला, लॅपटॉप काखेत,
पाय बांधलेली कोंबडी आणावी तसा.
दार उघडलं तर आधी नुसती धाप. मग तो:
"शाळेने काढून टाकलाय. तू बघ, त्सियाला."

झाकणावर आकडा, तेवीस,
आणि कुणा पोराने कर्कटकाने कोरलेलं बदक.
चालू केला, तर अतिशय सभ्य भाषेत म्हणाला:
या उपकरणाची मुदत संपली आहे.
बाकी सगळं धडधाकट. बिजागरी घट्ट,
एकच अक्षर पुसलेलं.
मुदत कुणी ठरवली, कुठल्या टेबलाशी बसून,
हे विचारायचं बटण मात्र कुठेच नव्हतं.

मुदतीशी माझी जुनी ओळख आहे.
एकोणीस वर्षं मी रोपवेचा पाळणा वरखाली केला,
खाणीच्या तोंडापासून नदीपर्यंत,
आणि त्यातली सात वर्षं तो कागदावर बाद होता.
तपासनीस यायचा, बाद असं लिहायचा,
आणि परत जाताना त्याच पाळण्यात बसायचा.
मी काही बोलायचे नाही. ग्रीस लावायचे.

तर पाठीचे स्क्रू काढले. बारा.
आत, बॅटरीच्या कडेला, तेरावा.
जुंबेरने चष्मा कपाळावरून खाली घेतला:
"हा काय धरून ठेवतो?"
काहीच नाही, मी म्हटलं.
हा नुसता राखणीला बसलाय.
हा आहे तोवर यंत्र फक्त कंपनीचं ऐकतं.
जुंबेर खाणीत बत्तीस वर्षं मुकादम होता,
त्याला जास्त समजवावं लागलं नाही.
अलगद फिरवून काढला,
आणि माझ्या काडेपेटीत टाकला.

भाच्याने भरून दिलेला पेन ड्राइव्ह लावला.
नव्या सिस्टीमनेही आधी हात झटकले:
हे यंत्र आमच्या यादीत नाही. तरीही पुढे जायचं?
हो.
अठरा टक्के. चहा.
एकेचाळीस. वीज गेली,
बॅटरीने तग धरला, अंधारात आमची दोघांची तोंडं निळी.
सत्तर. जुंबेर बघत होता
उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसा.

आणि स्क्रीन उजळली. आडवी.
सगळं जग डाव्या कुशीवर झोपलेलं.
आम्ही माना वाकड्या करून वाचलं: सुस्वागतम.
ते सरळ करण्यात तास गेला. जुंबेरने मधेच सुचवलं,
लॅपटॉपच उभा धरला तर?
कल्पना अगदीच वाईट नव्हती.

आवाज मात्र आला नाही.
तीन तऱ्हांनी करून बघितलं,
मुका तो मुकाच.

रात्री नऊला इटलीतून त्याची मुलगी, एतेरी.
तिथे एका म्हातारीची देखभाल करते, पगारावर.
चेहरा लॅपटॉपवर घेतला, आवाज फोनवर.
चेहरा पुढे, आवाज मागून,
ती हसायची आणि हसू नंतर ऐकू यायचं.
"बाबा, केस किती पांढरे झाले तुमचे,"
ओठ मिटल्यावर खोलीत आलं.
फोनच्या टीचभर काचेत तिला ते कधी दिसलं नव्हतं.
जुंबेर डोक्यावरून हात फिरवत राहिला.
हातसुद्धा तिकडे उशिराच पोचत असणार.

जाताना मी त्याला लिफ्टसाठी नाणं दिलं.
"उतरायला लागत नाही," म्हणाला,
आणि तरी खिशात टाकलं.

सकाळी गॅस पेटवायला काडेपेटी उघडली
तर टपकन ओट्यावर: तो.
मिठाच्या खड्याएवढा, चकचकीत.
बसवायचा राहिलाच.
वर सहाव्या मजल्यावर नाही, खाली दुसऱ्यावर नाही,
कुणाचंच काही त्याच्यावाचून अडलेलं नाही.
परत काड्यांमध्ये ठेवला.
पेटी उचलली की अजून खुळखुळतो.