येरळा मोटर्स, स्थापना इयत्ता नववी

कंपनीचं नाव येरळा.
वर्षातले नऊ महिने जिच्यात पाणी नसतं
तिच्या नावानं वेगाची गाडी काढायची,
ही कल्पना दस्तगीरची.
"पळणार तर ही कोरडीच पळणार, लगा,"
भाळवणीच्या पुलाखाली वाळूत बसून तो म्हणाला
आणि भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर
एक लांब, बसकी रेघ मारली,
नाकापासून शेपटीपर्यंत एका दमात,
मध्ये पेन्सिल न उचलता.
तशी मला आजवर जमलेली नाही.

पहिलं मॉडेल टिटवी.
दोन सीटा, मागं इंजिन,
आवाज असा की रात्री अख्ख्या गावानं कूस बदलावी.
दुसरं खंड्या. चोच बघून नाक काढलं,
पण चोचीच्या वाटेत स्पीडब्रेकर नसतात.
विटा ते तासगाव मी सायकलवरून मोजले,
एकेचाळीस.
जमिनीपासून चार बोटं उंच गाडी
पहिल्याच शाळेपुढं पोटावर बसली असती.
मग दस्तगीरनं तिला पाय लांब करायचं बटण दिलं
आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं:
म्हशी आडव्या आल्यास कंपनी जबाबदार नाही.

आता मी सांगलीत, मार्केट यार्डात
हळदीच्या अडतीवर हिशोब लिहितो.
सौदे संपले की पट्टीच्या पाठीवर
चाकांच्या कमानी काढतो.
बोट टेकलं की पिवळा ठसा,
म्हणून येरळाच्या सगळ्या गाड्या पिवळ्या.
एकदा लाल करून बघितली,
दुपारपर्यंत तीही पिवळी झाली.
शेठ चष्म्यावरून बघतात,
"कोळेकर, ही चप्पल कुणाची काढलीय?"
मी म्हणतो, "मापाची झाली नाही अजून."

गाड्या विकल्यात मी. एकूण सतरा.
गिऱ्हाइकांची नावं मीच ठेवली,
त्यातल्या मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी
दोनदा सर्व्हिसिंग चुकवलं.
गेल्या मार्चमध्ये टिटवीच्या ब्रेकात खोट सापडली,
एवढ्या वजनाला ती डिस्क पुरणारी नव्हती.
रात्री अडीचला लक्षात आलं.
सतरा जणांना पत्रं लिहिली:
क्षमस्व, गाडी परत आणावी, खर्च आमचा.
सही केली, घडी घातली.
मग कुठं डोळा लागला.

दस्तगीर चाकणला.
खऱ्या कंपनीत, खऱ्या गाड्यांना
पुढचा डावा दरवाजा बसवतो.
फक्त पुढचा. फक्त डावा.
एकोणसाठ सेकंदांत एक, की दुसरी समोर.
उजवा कोण बसवतो त्याला माहीत नाही,
पलीकडं एक निळी टोपी हलताना दिसते म्हणे.

रविवारी त्याचा फोन.
"आपल्या टिटवीचा दरवाजा कसा उघडतो रे?"
"वर. पंखासारखा. तूच काढला हुतास."
बराच वेळ नुसता त्याच्या खोलीतल्या फॅनचा आवाज.
मग म्हणाला, "खाली घे.
एवढं वजन वर धरून बोल्ट आवळायचं म्हंजे
कुणाच्या तरी मनगटात जातंय ते.
नववीत काय ठावं होतं आपल्याला."

पंख खोडायला तीन रात्री लागल्या.
साधा दरवाजा, साधी बिजागरी,
कडी मुठीत मावेल अशी.
खरं सांगतो, गाडी जरा उतरल्यासारखी दिसते,
पहिल्या धुण्यानंतरच्या नव्या सदऱ्यासारखी.
उजवा दरवाजा मात्र अजून वरच उघडतो.
ते त्याला सांगितलेलं नाही.

शनिवारी येतोय, रात्रीच्या एसटीनं.
पाय धुवायच्या आधी वही मागेल
आणि बसल्या जागी खोडायला घेईल.
रबर मी हळदीच्या पोत्यात लपवलंय.