रीटच

रावपुऱ्यात, टॉवरपासून चौथं दुकान.
माळ्यावर उत्तरेची खिडकी, तिरकी काच, खाली आरसा.
तिथं बसून मी एकतीस वर्षं
माणसांच्या डोळ्यांखाली पेन्सिल चालवली.

फोर-एच. सँडपेपरवर घासून टोक सुईसारखं केलेलं.
निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं.
डोळ्याखालची काळोखी तिथं कोरी, उघडी पडलेली,
तिच्यात शिसं भरायचं, स्वल्पविरामाएवढ्या फराट्यांनी,
म्हणजे कागदावर उजेड येतो.

स्थळासाठी फोटो असला की दत्ताजीराव जिन्यातून हाक मारायचे,
"मंदाबाई, पोरीला जरा झोपवा."
म्हणजे तिची जागरणं काढा.
काढली.
सयाजी इस्पितळातल्या नर्सची, मकरपुऱ्यातल्या रातपाळीवाल्यांची,
एका नगरसेवकाचीसुद्धा, निवडणुकीच्या तोंडावर.

माझ्या पिशव्या मात्र वाढत राहिल्या.
शेजारच्या हंसाबेन रोज दूध देताना विचारायच्या,
"ऊंघ नथी आवी?"
आली होती. चांगली आठ तास.
बँकेत, बारशाला, गिरणीवर दळण टाकताना:
काय हो, बरं नाही का? कुणी गेलं का?
कुणी गेलं नव्हतं.
चेहराच माझ्या आधी पोचून
काहीबाही सांगून ठेवायचा.

स्टुडिओ उठला. पागडीतले तुमचे म्हणून
दत्ताजीरावांच्या मुलानं ऐंशी हजार हातावर ठेवले.
मी अलकापुरीची रिक्षा केली.

डॉक्टर झंखना. वय माझ्या पेन्सिलीच्या डबीपेक्षा कमी.
तिनं खालची पापणी चिमटीत धरून ओढली, सोडली,
जागेवर किती लवकर जाते ते पाहिलं.
"छान. ताण आहे अजून."
मग म्हणाली, फार काही काढून टाकायचं नाही.
पिशवीतली चरबी खालच्या खळग्यात सरकवायची.
आतल्या बाजूनं. टाका दिसणार नाही.
कळलं, मी म्हटलं,
उंचवट्याचं घ्यायचं, खड्ड्याला द्यायचं.
तुम्ही मेडिकल लाइनमध्ये होता?
नाही, फोटो लाइनमध्ये.

जांभळ्या पेनानं तिनं डोळ्याखाली रेघ ओढली.
मी हात बघत होते. हलका होता.
करंगळी टेकवून काम करत होती.
तेव्हाच सही केली.

दहा दिवस दोन उश्या, मलमलीत बर्फ, थेंब.
वाकायचं नाही, त्यामुळे दारातली रांगोळी राहिली.
आधी निळं, मग वांग्याच्या सालीसारखं, मग हळदीचं पिवळं,
दुकानात एकेक साडी उलगडून दाखवावी तसं.
सून सुरतेहून व्हिडिओवर म्हणाली, या वयात, आई?
मी काळा चष्मा लावून ऐकून घेतलं.

दोन महिन्यांनी आरशात जी बाई आली
तिला मी माळ्यावर कितीदा तरी बनवली होती.
काम स्वच्छ.
डावीकडे केसभर जास्त भरलंय,
पण ते फक्त मलाच दिसतं.

मार्गशीर्षात कळलं,
मुलानं निगेटिव्हची खोकी भंगारात दिली, किलोवर.
औषधात बुडवून चांदी काढतात म्हणे.
आधी माझं शिसं धुऊन जाईल,
मग माणसं.

रात्रभर रडले. नवरा गेला तेव्हा नव्हते एवढी.
सकाळी कडी वाजली. हंसाबेन, हातात दूध.
माझ्याकडे पाहून हसल्या,
"आजे तो बहु सरस लागो छो, मंदाबेन."

दूध घेतलं, पण दार लोटलं नाही.
चेहरा जरा उत्तरेकडे वळवला,
उजेड डोळ्यांखाली पडेल असा.