डोंगर मंडळाची वही

रविवार. पहाटे साडेपाच, अंबाजोगाई.
स्टँडमागच्या हापशावर नऊ जण, त्यात चपलेवर दोन.
वही माझ्याकडे असते, कारण
माझं अक्षर बरं आहे आणि दम कमी.

काम : घाणेरी तोडणे, पाऊण किलोमीटर.
कोयते तीन. एक बोथट.
तो दर वेळी माझ्याच हाती कसा येतो
हे वहीत लिहायची पद्धत नाही.

मुश्ताक बागवाननं कांद्याची रिकामी पोती आणली.
वेफरच्या पुड्या, बाटल्या, कुणाच्या लग्नातला फेटा,
आणि मोटारसायकलचं अख्खं चाक.
डोंगरावर चाक कुणी का चढवलं असेल
यावर चहा उकळून आटेस्तोवर बोलणं झालं.

टाकं उपसलं. गाळात एक कुलूप निघालं, लावलेलं.
प्रणोती म्हणाली, भंगारात देऊ.
कुलथे सोनारांनी ते धुतलं, कानाशी हलवून पाहिलं,
आणि परत पाण्यात सोडलं.

आता बाणांचं.

चैत्रात दापकर कंपाउंडर एकटेच चढले होते,
घरात उरलेला रंगाचा डबा घेऊन.
पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकशे अकरा बाण,
दगडादगडावर, प्रत्येक शेपटी नीट ओढलेली.
'लांबून दिसावेत म्हणून तांबडे काढले,' म्हणाले.

आम्ही पाहिले. हिरवे होते.

एकसष्ट वर्षांचा माणूस.
सरकारी दवाखान्यात उभा जन्म
गोळ्या दिल्या आकारावरून, औषधं वासावरून,
बाटलीवरचं अक्षर वाचून. चूक एक नाही.
घरात बायकोला ठाऊक नाही.
खडकावर बसले. बराच वेळ ब्रश पुसत राहिले.
'मग तुम्हाला रक्त कसं दिसतं?'
त्यांनी विचारलं, आमच्यापैकी कुणालाच नाही असं.

वाऱ्यानं गवत वाजत होतं.
मुश्ताक म्हणाला, 'ओलं.'

उन्हाळाभर बाण चालून गेले.
काळा दगड, पिवळं कुसळ, मधे हिरवी रेघ,
खरं तर शोभत होते.
श्रावणात डोंगरानं एकेक करून गिळले.
कॉलेजची दोन पोरं चुकली, भलत्याच गावात उतरायची,
द्रौपदाबाई गडदेंच्या शेळ्यांमागं सुखरूप आली.
द्रौपदाबाई आम्हाला म्हणाल्या,
'बाण काय काढायलाव, लेकराहो?
लेंड्या बघाव्या. शेळी चुकत नसती.'

बैठक झाली. माणशी पन्नास रुपये.
बाण तांबडे करावेत का?
पहिला हात वर गेला तो दापकरांचा.

आज रंगवले.
डबा त्यांनीच धरला, दुसऱ्या कुणाला देईनात.
दर दगडाशी थांबून विचारत होते,
'तांबडाच आहे ना?'
'तांबडाच.'
विसाव्या-पंचविसाव्या दगडानंतर
ते उत्तरासाठी थांबत नव्हते,
आम्ही तरी सांगत होतो.
प्रणोतीनं तर एकदा न विचारताच सांगितलं,
'काका, हा जास्वंदीसारखा झालाय.'
'म्हणजे कसा?'
ती गप्प झाली. मग म्हणाली,
'म्हणजे दुपारी दगडाला हात लागतो तसा.'
त्यांनी बोट टेकवून पाहिलं. बोटाला रंग लागला.
दिवसभर पुसला नाही.

माथ्यावर शेवटचा बाण.
त्याच्यापुढं वाट नाही. कडा आहे,
खाली ज्वारीची रानं, लांब परळीकडचा धूर.
तिथून कुणी चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही.
आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो
आणि कुणी ब्रश उचलला नाही.

हिशेब : रंगवलेले एकशे दहा. राहिलेला एक.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय, रंग संपला.
डबा मी उचलून घरी आणला आहे,
अजून चांगला जड लागतो.

पुढचा रविवार : दरीकडची बाजू.
येताना प्रत्येकानं पाणी आणावं.
बोथट कोयत्याला धार लावून आणणे : कुलथे.