दुसरं पाणी

तिसरा लाल दिवा लागला तेव्हा
जिंतूर सोडून बारा-एक किलोमीटर झाले होते.
पहिला दिवा म्हणजे पाव टाकी, दुसरा म्हणजे अर्धी,
तिसऱ्यानंतर कंपनीनं दिवाच दिलेला नाही.
तिसऱ्यानंतर ड्रायव्हरची अक्कल.

मागं साहेब, बाईसाहेब, दोन पोरं, एक आजोबा.
चार दिवसांत वेरूळ, पितळखोरा, चारठाणा, उद्या औंढा.
बटण दाबलं की निळं पाणी फिरतं, खाली झाकण उघडतं,
आणि गेलं ते गेलं, असं त्यांना वाटतं.
जात कुठंच नाही.
माझ्या सीटमागं, दीड हात खाली,
वळणावर डचमळतं. मला ऐकू येतं.

"मुंजाजी, करून टाका ना कुठंतरी मोकळं," साहेब म्हणाले,
"एवढं माळरान पडलंय."

माळरान पडलेलं नसतं, साहेब.
हे मी म्हणालो नाही. गाडी कडेला घेतली.
एक बाभळ, एक ओढा, ओढ्यात नुसती वाळू.
हातमोजे घातले, डिकीतून नळी ओढली,
मनगटाहून जाड,
आणि वर पाहिलं तर
तीन बाया, दोन पोरी, घागरी घेऊन पळत येताहेत.

आमच्याकडं टाकी आणि नळी दिसली
की माणूस आधी पळतो, मग विचारतो.
मीही पळालोय लहानपणी, बोरीच्या शिवारात,
एका टँकरमागं.
तो डांबराचा निघाला.

"नंबर माझा," पुढची म्हणाली. घागर टेकवली. ठण्ण.
"पाणी नाही मावशे ह्यात."
"मग काय हाय?"
मी बोलेना. वास बोलला.

ती हसली नाही, रागावली पण नाही.
नळीचं तोंड कुठं वळलंय ते बघितलं,
मग ओढ्याकडं बोट केलं.
"ती वाळू उकरली की हातभर खाली झरा लागतो.
वाटीवाटीनं भरायचा. एका घागरीला अर्धा तास.
तुमी हितं सोडून गेलाव तर आमी वाटीनं काय भरावं?"

मग जरा थांबून,
"सेलूच्या रोडला नगरपालिकेचं झालंय, पांढरी भिंत.
संडास उपसायची गाडी तिकडंच जाती.
माझा भाचा असतो तिच्यावर.
दोनदा आंघोळ केल्याबगर आई त्याला घरात घेत नाही."

नळी गुंडाळली. झाकण दोनदा तपासलं.
"किती लांब?" साहेब.
"बत्तीस किलोमीटर."
"उलटं?"
"उलटं."
"आणि डिझेल?"
"माझ्या पगारातून कापा."
पुढं खरंच कापले. सातशे साठ.

पांढरी भिंत होती. वॉचमन शेख मुनीर
चाकावरच्या घराभोवती एक चक्कर मारून आला.
"आत फ्रिज पण आहे?" "आहे." "आणि संडास पण?" "म्हणून तर आलो."
त्यानं चेंबरचं लोखंडी झाकण सरकवलं.
आधी काळी टाकी, मग राखाडी, भांड्या-आंघोळीच्या पाण्याची,
म्हणजे जाता जाता नळी धुऊन निघते.
हा क्रम मला कुणी शिकवला नाही.
एकदा उलटा केला, तेव्हा कळला.

वाळूच्या वाफ्यांत गाळ सुकत पडलेला, भेगाळलेला,
ढेकळं आमच्या शेतातल्यासारखीच.
कडेनं कर्दळ, लालभडक, उद्धट.

मुनीरनं रजिस्टर पुढं केलं.
तारीख. गाडी नंबर. लिटर, अंदाजे ऐंशी.
मग एक रकाना, मालकाचं नाव.
पेन तिथंच थांबलं.
"गाडीमालकाचं लिहा की."
"तो संभाजीनगरला असतो. ह्यात त्याचं काही नाही."

मागं खिडकीचा पडदा हलला. दार उघडलं.
आजोबा एकेक पायरी उतरून आले.
"दाखवा इकडं," म्हणाले,
आणि थरथरत्या हातानं पूर्ण नाव लिहिलं,
वडिलांच्या नावासकट.

मग विचारलं, "हात कुठं धुऊ?"
मुनीरनं रांजणाचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं,
आणि अर्धा तांब्या ओतला.