हाडवैद्याची मुलगी

सी मिमून गुरुजींनी वाण्याकडून तराजू मागून आणला,
सांजेच्या आत परत करायच्या बोलीवर.
एका पारड्यात दोन गाठोडी आणि तीन सुटे अक्रोड,
दुसऱ्यात अकरा अक्रोड, आणि दोन रिकामी फडकी.
फडक्यांनाही वजन असतं, म्हणाले,
गणितात कुणाचं फुकट घ्यायचं नाही.

अॅटलसच्या उतारावरची शाळा.
फुटक्या तावदानाला पुठ्ठा,
शेगडीत देवदाराचा ओला ओंडका धुमसतोय,
सव्वीस मुलं खोकतायत
आणि फळ्यावर एकटंच एक अक्षर.

कुठलं ते सोडा.
माझ्या शाळेत ते क्ष होतं,
मुळाक्षरांच्या अगदी शेवटच्या बाकावरचं,
ज्याला एरवी कुणी हाक मारत नसे,
आणि सातवीत अचानक
सगळा वर्ग त्यालाच शोधत सुटला.

मोहाचं म्हणणं सरळ होतं:
गाठ सोडू, मोजू, घरी जाऊ.
'गाठोड्याला हात लावायचा नाही.'
'मग कळणार कसं?'
'दोन्हीकडून सारखं काढत जा. तीन इकडचे, तीन तिकडचे.'

इथे तूदाचं घोडं अडलं.
डावीकडचे तीन नकोत, हे ठीक.
पण उजवीकडच्या तिघांनी
कुणाचं काय वाकडं केलं होतं?
विचारायच्या आत घंटा झाली
आणि तराजू वाण्याकडे गेला.

संध्याकाळी दारात खेचर.
पाठीवर मेंढपाळाचा पोरगा,
हात वाकलेला,
जिथे वाकायला सांधाच नाही अशा जागी.
बापाने तेल कोमट केलं,
लोकर पिंजली, वेताच्या कांबी काढल्या.
आई लग्नाला पलीकडच्या खोऱ्यात,
म्हणून तूदाला म्हणाला, तू कोपर धर.
मी मनगट ओढतो. तू तेवढंच तुझ्याकडे ओढ.
कमी नाही, जास्त नाही.

'मोडलंय तर तुमच्या बाजूला. मी कशाला?'

'एकट्याने ओढलं
तर अख्खा पोरगाच येईल माझ्याकडे,
आणि हाड राहील होतं तसंच.'

मग डोळे मिटले त्याने.
कातडी न उघडता
बोटं आत चालत गेली,
अंधारात जिन्याच्या पायऱ्या चाचपावीत तशी.
टक्.
एवढासाच आवाज.
पोरगा किंचाळला, मग एक शिवी हासडली,
मग चहा मागितला, साखर जास्त.

दुसऱ्या दिवशी वाणी कुरकुरला, पण तराजू दिला.
तूदा उठली.
दोन्ही हात एकाच वेळी पुढे,
दोन्ही पारड्यांतून तीन तीन,
कमी नाही, जास्त नाही.
उरले आठ. त्याचे दोन वाटे.
'एका गाठोड्यात चार,' ती म्हणाली,
डोळे अजून मिटलेलेच.

सी मिमूननी खडू खाली ठेवला.
'या विद्येचं जुनं नाव जब्र.
मोडलेलं सांधणं.
तुझ्या वडिलांना गावात काय म्हणतात?'
'जब्बार.'
वर्ग खिदळला.
तिने तळवे नाकाशी नेले.
तेलाचा वास गेला नव्हता.

(आमच्याकडे याला बीजाचं गणित म्हणतात.
मला ते आत्ता कुठे उमगतंय:
बीही फोडून पाहिलं
की उगवत नाही.)

मोहाला मात्र राहवेना.
त्याने गाठ सोडली. चार.
दुसरी सोडली. तिथेही चार.
जिंकल्याच्या आनंदात एक फोडला,
तर आत काहीच नाही,
काळी भुकटी आणि कोळ्याचं जाळं.

तेव्हा सगळ्यांना आठवलं,
कालपासून डावं पारडं
जरासं वरच होतं.
गुरुजी म्हणाले होते, खिडकीतला वारा.

सी मिमूननी टरफल उजेडात धरलं,
उलटं केलं, परत सुलटं.
बराच वेळ फळ्यावरच्या
बरोबरच्या दोन रेघांकडे पाहत राहिले.
पुसल्या नाहीत.
मग मोहाला म्हणाले,
आधी तो पुठ्ठा नीट बसव.